पदर मागे न घेता काढलेला फोटो



आज मला फोटोच्या उजेडाबद्दल बोलायचं आहे. कॅमेरा कुठला घ्यावा, केवढ्याला मिळतो, असं गटाच्या बैठकीत बऱ्याच जणी विचारतात. उजेडाबद्दल कुणी विचारत नाही. मीही सुरुवातीला विचारलं नव्हतं. त्या चुकीचं मोल दुसऱ्याच एका घराला द्यावं लागलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

लग्नाचे फोटो काढायला लागले त्या पहिल्याच उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या माण तालुक्यातलं लग्न, मुहूर्त दुपारी साडेबाराच्या पुढचा, मांडव शाळेच्या पटांगणात. मांडवाचं कापड लाल-गुलाबी होतं आणि त्याखाली सगळ्यांची तोंडं शेंदूर फासल्यासारखी दिसत होती. म्हणून अक्षता पडल्यावर घरच्यांच्या फोटोसाठी मी सगळ्यांना बाहेर उन्हात उभं केलं. नवरदेवाची आजी नऊवारी नेसलेली, पदर कपाळापर्यंत ओढलेला. ऊन बरोबर डोक्यावर. मी म्हणाले, "आजी, पदर जरा मागं घ्या, तोंड दिसत नाही." एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले. समोर व्याही उभे, दीर उभे. आजी काही बोलली नाही. हळूच बाजूला झाली आणि बायकांत जाऊन बसली.

त्या लग्नाच्या अल्बममध्ये तीनशेच्या वर फोटो होते. आजी त्यातल्या दोनच फोटोंत होती, आणि दोन्हींत कपाळापासून हनुवटीपर्यंत नुसता काळोख. नाकाचा शेंडा तेवढा उजळलेला.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर आजी गेली. दहाव्याला लावायला मोठा फोटो हवा म्हणून नातू माझ्याकडे आला. मी रात्रभर कॉम्प्युटरवर बसून तो काळोख उजळायचा प्रयत्न केला. पण जिथे उजेड पोचलाच नव्हता, तिथे उजळायला काही नव्हतं. दाणेदार राखाडी डाग वर आले, डोळे काही आले नाहीत. शेवटी त्यांनी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला. तो आजही त्यांच्या पडवीत लावलेला आहे. मी त्या घरी गेले की त्या भिंतीकडे बघायचं टाळते.

आता हे असं का होतं ते सांगते. आपल्या डोळ्याला उन्हातलं अंगण आणि पदराखालचं तोंड दोन्ही एकाच वेळी दिसतं. कॅमेऱ्याला तेवढं जमत नाही. तो एकतर अंगण नीट दाखवतो आणि तोंड काळं करतो, नाहीतर तोंड दाखवतो आणि मागचं सगळं पांढरंफटक करतो. मग फोटोवाला म्हणतो पदर मागं घ्या, इकडं या, उन्हाकडं तोंड करा. उन्हाकडं तोंड केलं की डोळे मिचमिचतात. म्हणजे बाईलाच उजेडाकडे जावं लागतं. मला उमगायला दोन वर्षं लागली ती गोष्ट अशी, की उजेडच बाईकडे नेता येतो, आणि त्याला वायर लागत नाही.

तो उजेड म्हणजे बॅटरीवर चालणारा फ्लॅश. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसतो तो लहान फ्लॅश तुम्ही पाहिला असेल. तोच काढून हातात धरता येतो, काठीला बांधता येतो. त्याच्यापेक्षा मोठा, शेरभराच्या डब्याएवढा फ्लॅशही मिळतो, त्यात लिथियमची बॅटरी असते. तो एकदा चार्ज केला की पुऱ्या ताकदीनं साधारण चार-पाचशे वेळा पेटतो, आणि कमी ताकदीनं वापरला तर त्याच्या कितीतरी पट. फ्लॅशची ताकद वॉट-सेकंदात मोजतात. लहान असतो तो साठ-सत्तरचा, मोठा २०० चा किंवा त्याहून जास्त.

आत चालतं ते असं. हापशावर घागर भरायला वेळ लागतो, उपडी करायला लागत नाही. फ्लॅशमध्ये कपॅसिटर नावाचा भाग असतो, तो म्हणजे ही घागर. बॅटरी तो हळूहळू भरते, त्या वेळी बारीक शीळ ऐकू येते. भरला की दिवा लागतो. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की सगळी घागर एका क्षणात उपडी होते आणि लख्ख उजेड पडतो. तो क्षण सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा, बरेचदा त्याहूनही लहान. म्हणून तर एवढ्याशा बॅटरीतून उन्हाच्या तोडीचा उजेड निघतो. एक ध्यानात ठेवा, त्या घागरीत ३०० व्होल्टच्या आसपास वीज साठलेली असते. बॅटरी काढली तरी ती काही वेळ आत राहते. फ्लॅश बिघडला तर घरातल्या पोरांनी पेचकस घेऊन तो उघडता कामा नये.

पूर्वी लग्नात व्हिडिओवाल्यांची सनगन असायची, आठवतं का? हजार वॉटचा हॅलोजन, मागे वायर सांभाळणारा पोरगा, लाईट गेली की जनरेटर. नवरीला घाम फुटायचा आणि कुंकू ओघळायचं. त्याच्याही आधी फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटायचा आणि जळून जायचा, दुसऱ्या फोटोला दुसरा बल्ब. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईत शिकल्या, दिल्लीत काम केलं, साडी नेसून सायकलवरून सामान नेत असत. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. मला त्यांच्या सायकलीचं फार अप्रूप वाटतं, कारण माझं सगळं सामानही एका स्कूटीवर मावतं. पायाजवळ स्टँड, पाठीला पिशवी, आणि मागे माझी धाकटी जाऊ.

जावेचं पुढे सांगते. आधी काम कसं करायचं ते.

आम्ही दोघींनी एक वाक्य पाठ केलंय, आधी आभाळ, मग माणूस. कॅमेरा ऑटोवर नाही, एम वर ठेवायचा. माणसाला उन्हाकडे पाठ करून उभं करायचं, म्हणजे डोळे मिचमिचत नाहीत आणि खांद्यावर, केसांवर उन्हाची छान कड येते. मग फ्लॅश न लावता फक्त मागचं आभाळ आणि शेत नीट येईल असा फोटो काढून बघायचा. लख्ख उन्हात आयएसओ १००, शटर १/२०० आणि अ‍ॅपर्चर एफ ११ इथून सुरुवात केली तर फारसं चुकत नाही. त्या फोटोत माणूस काळा येईल, येऊ द्या. आता फ्लॅश लावायचा आणि माणूस नीट दिसेपर्यंत त्याची ताकद कमीजास्त करायची.

शटर म्हणजे खिडकी किती वेळ उघडी ठेवायची ते, अ‍ॅपर्चर म्हणजे फट किती मोठी ठेवायची ते. फ्लॅश डोळ्याचं पातं लवायच्या आत येऊन जातो, त्यामुळे खिडकी जास्त वेळ उघडी राहिली म्हणून त्याच्या उजेडात फरक पडत नाही. आभाळात मात्र पडतो. म्हणजे एकाच फोटोत आभाळ शटरनं सांभाळायचं आणि माणूस फ्लॅशनं. हे ज्या दिवशी डोक्यात बसलं त्या दिवशी मी चुलीपुढे बसून एकटीच हसले. फक्त शटर फार पळवायचं नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे गेलं की फोटोत एका बाजूला काळी पट्टी येते. मी पहिल्यांदा ती पट्टी बघून कॅमेरा बिघडला म्हणून साताऱ्याला घेऊन गेले होते. दुकानदार हसला, पण पैसे घेतले नाहीत.

फ्लॅश किती लांब ठेवायचा? थंडीत शेकोटीपासून दोन पावलं मागे सरकलं की किती गार लागतं, तसं हे आहे. अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा नाही, पावच उरतो. म्हणून ताकद वाढवायच्या आधी फ्लॅश जवळ आणा. बॅटरीही वाचते.

आता पदराचं. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरच ठेवला तर चेहरा चपटा दिसतो. उंच धरला तर पदराची सावली पुन्हा डोळ्यांवर येते. आणि फार खाली धरला तर भुताटकी वाटते, मी ते करून पाहिलंय. बरोबर जागा म्हणजे त्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीला, जरा एका बाजूला. तिथून उजेड पदराच्या आत शिरतो. पदर कपाळावर असला तरी डोळ्यांत बारीक ठिपका चमकतो. पदर जागचा हलवावा लागत नाही.

नुसत्या फ्लॅशचा उजेड कडक असतो, सुरकुत्या कोरून काढतो. म्हणून त्याच्यापुढे पांढरी छत्री लावतात. छत्रीतून गाळून आलेला उजेड मऊ पडतो, पण बराच उजेड छत्रीच खाते. भर दुपारी लहान फ्लॅश आणि छत्री मिळून पुरत नाही. अशा वेळी मोठा फ्लॅश हवा, नाहीतर लिंबाच्या सावलीत जायचं, नाहीतर दिवस कलायची वाट बघायची. मला विचाराल तर सूर्य बुडताना आणि त्यानंतरचा अर्धा तास सगळ्यात चांगला. आभाळात रंग असतो आणि लहान फ्लॅशसुद्धा राजा असतो.

छत्रीचा वैरी वारा. आमच्या माळावर दुपारनंतर वारा सुटतो. पहिल्या वर्षी छत्री, स्टँड आणि फ्लॅश एकदमच आडवे झाले आणि फ्लॅशची काच फुटली. तेव्हापासून छत्री स्टँडवर नाही, जावेच्या हातात. बांबूला फ्लॅश बांधलेला, एका हातात बांबू, दुसऱ्या हातानं छत्रीची कड धरलेली. "ताई, वारा!" असं ती ओरडली की मी थांबते. एकटं काम करायची वेळ आली तर पिशवीत वाळू भरून स्टँडच्या पायावर ठेवा.

फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब असूनही पेटतो तो रेडिओ ट्रिगरमुळे. कॅमेऱ्यावर लहान डबी असते, तिच्यातून रेडिओच्या लहरी जातात. म्हणजे आत्ता माझा आवाज तुमच्यापर्यंत आला त्याच जातीच्या लहरी, फक्त अंतर थोडकं.

घरात काम असेल तर छत्रीही लागत नाही. फ्लॅश पांढऱ्या भिंतीकडे वळवायचा, भिंतीवरून परतलेला उजेड मऊ असतो. पण आपल्याकडे भिंती निळ्या, हिरव्या नाहीतर गुलाबी. हिरव्या भिंतीवरून उजेड परतवला की नवरी आजारी दिसते. अशा घरात दोन खुंट्यांवर पांढरं धुतलेलं धोतर किंवा चादर ताणून लावायची आणि तिच्यावर उजेड टाकायचा. गौरीच्या आराशीत पिवळे दिवे असतात, समई असते, तिथे फ्लॅशचा पांढरा उजेड निळसर, थंड वाटतो. फ्लॅशच्या काचेवर पिवळसर नारिंगी जिलेटीन कागद चिकटवला की त्याचा सूर समईशी जुळतो. फोटोच्या दुकानात त्याचे खास कागद मिळतात. मी पहिले दोन वर्षं सजावटीचाच वापरला, चाललं.

आता बॅटरी. इथे मी सगळ्यात जास्त मार खाल्ला आहे.

लहान फ्लॅशला चार पेन्सिल सेल लागतात. एका लग्नात घरचे चार्ज केलेले सेल विसरले. वाटेत टपरीवरून रिमोटचे स्वस्तातले घेतले. दहा-पंधरा फोटो झाले आणि घागर भरेचना. मंगलाष्टकं संपत आली, शेवटचं सावधान झालं, अंतरपाट बाजूला झाला, आणि फ्लॅशची ती बारीक शीळ काही थांबेना. हाराचा फोटो अंधारात गेला. त्या लोकांनी ठरलेल्या पैशातले हजार रुपये कापले आणि ते बरोबरच होतं.

तेव्हा सेल घ्यायचे ते चार्ज होणारे, निकेल मेटल हायड्राइडचे. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, साध्या सेलवर १.५ असतं. आकडा लहान म्हणून ते कमजोर समजू नका, फ्लॅशला ते भराभर वीज देतात आणि शेकडो वेळा चार्ज होतात. चार-चारचे संच करा आणि एका संचात दुसऱ्या संचातला सेल मिसळू देऊ नका. चारांतला एक दमला की चौघं दमतात. माझ्या एका संचावर लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे, दुसऱ्यावर गुलाबी, तिसऱ्यावर सोनेरी. भरलेले सेल पिशवीत उभे, वापरलेले उलटे. चिल्लर, किल्ल्या, सेफ्टी पिनांबरोबर पर्समध्ये सुटे टाकू नका, दोन्ही टोकं जोडली जाऊन ते तापतात.

मोठ्या फ्लॅशच्या लिथियम बॅटरीला उन्हाची आणि कोंडलेल्या गरमीची भीती. मे महिन्यात बंद गाडीत ती ठेवायची नाही. चार्जिंगला लावायची ती चुलीपासून, गादीपासून, गवतापासून लांब, फरशीवर, आणि घरात कोणी जागं असताना. आमच्याकडे लाईट रात्री येते म्हणून रात्रीच लावायचा मोह होतो. मी आठला लावते आणि झोपायच्या आधी काढते. बॅटरी फुगली, टरारली, तर पुन्हा चार्ज करायची नाही, टोचून बघायची नाही, उकिरड्यावर टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची. पावसाळ्यात काम नसतं तेव्हा ती साधारण निम्मी भरून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. पुऱ्या ताकदीनं लागोपाठ वीस-तीस वेळा फ्लॅश पेटवला तर त्याचं डोकं तापतं, त्याला थोडा विसावा द्या.

पैशाचं सांगते, कारण ते तुम्ही विचारणारच. माझा पहिला फ्लॅश जुना होता, साडेतीन हजारांचा. मोठा फ्लॅश, ट्रिगर, छत्री, स्टँड आणि एक जादा बॅटरी यासाठी गटाकडून वीस हजार उचलले, महिना दोन टक्क्यांनी. बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "लाईट गेली तर एवढ्याचं काय करशील?" मी म्हणाले, "मावशी, लाईट गेली तरच याची खरी गंमत." दहा महिन्यांत फेडले. पण लग्नाचा हंगाम गेला तर हप्ता जड जातो. म्हणून मी सगळ्यांना सांगते, आधी एकच जुना लहान फ्लॅश आणि साधा ट्रिगर घ्या, एक हंगाम करा, आणि मग कर्ज काढा.

जाऊ पहिल्यांदा आली ती वरातीच्या कामाला. रात्री उशीर होणार, मी एकटी कशी जाणार, असं घरात झालं. आत्याबाई म्हणाल्या, "दोघी जा." मी तिला दिवसाचे दोनशे देत होते. एकदा ती तापानं पडली. मी एकटी गेले, आणि ते फोटो बघून मलाच कळलं की अर्धं काम तिचं होतं. उजेड कुठे ठेवायचा ते आता ती माझ्या आधी ओळखते. आता खर्च वजा जाता निम्मे-निम्मे. नवऱ्यांना हे कळलं तेव्हा घरात दोन दिवस कुरकुर झाली, मग थांबली.

दोन-चार गोष्टी जपायच्या. बारशाला बाळाच्या तोंडासमोर जवळून फ्लॅश पेटवू नका, भिंतीवरून परतवा. पोळ्याला बैलापुढे आधी लांबून एकदा पेटवून बघा आणि कासरा मालकाच्या हातात असू द्या. एका खोंडानं मला ओढ्यात उतरवलं होतं. आणि विचारल्याशिवाय कुणावर उजेड टाकायचा नाही, शेतात काम करणाऱ्या बाईवर तर नाहीच.

ज्यांच्याकडे फक्त मोबाईल आहे त्यांच्यासाठी, हा फ्लॅश साध्या मोबाईलशी जुळत नाही. पापड, लोणची, गोधड्यांचे फोटो मोबाईलवर काढायचे असतील तर चार्जिंगचा एलईडी पॅनल घ्या आणि त्याच्यापुढे पांढरं कापड धरा. घरात किंवा सावलीत तो पुरतो. उन्हाशी मात्र त्याचं काही चालत नाही.

गेल्या फाल्गुनातलं सांगून थांबते. आमच्या गटाला कांदा काढणाऱ्या बायकांचे फोटो हवे होते. आम्ही दिवस कलताना रानात गेलो. सत्तरीच्या पुढच्या एक आजी सऱ्यांत बसून कांदे कापत होत्या, पदर कपाळावर. मी विचारलं, "आजी, एक फोटो काढू का?" त्यांनी विळा खाली ठेवला आणि सवयीनं पदराला हात लावला, मागे सारण्यासाठी. मी म्हणाले, "राहू द्या आजी, आहे तसाच राहू द्या." जाऊ बांबू घेऊन त्यांच्या डाव्या अंगाला सरीत बसली, छत्री त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला. मागे तांबूस आभाळ. आजींनी आमच्या त्या सोंगाकडे जरा बघितलं, मग पदर होता त्याहून चांगला बोटभर पुढे ओढला, नीट बसवला, आणि म्हणाल्या, "आता काढ."

मागच्या लहान पडद्यावर फोटो दाखवला. त्यांना बारीक दिसेना म्हणून जावेनं बोटानं मोठा करून फक्त डोळे दाखवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग विळा उचलत म्हणाल्या, "दोन काढून आण. एक लेकीकडं द्यायचाय, फलटणला."